वाचकांचे प्रश्न : कियाना उलटी कशी वळली?

प्रश्न : इटलीतली एक नदी पूर्वी दक्षिणेला वाहायची, ती आता उत्तरेला वाहते असं ऐकलं. हे कसं जमवलं? आपल्या विश्वामित्रीच्या पुरावर तो उपाय चालेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ती नदी कियाना. तस्कनीत अरेत्सो आणि किउसी या गावांच्या मधलं तिचं खोरं जवळजवळ सपाट आहे. रोमन काळात ती रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीला मिळायची. रोमचे पूर कमी व्हावेत म्हणून तिला फ्लॉरेन्समधून वाहणाऱ्या आर्नो नदीत वळवावं, असा प्रस्ताव इ. स. १५ मध्ये सिनेटपुढं आला. फ्लॉरेन्सकरांनी हरकत घेतली आणि तो बारगळला. मध्ययुगात खोऱ्याची दलदल झाली, हिवताप पसरला.

नुसता कालवा खोदून भागत नव्हतं. उतार नसला की पाण्याला वेग येत नाही आणि गाळ कालव्यातच बसतो. खोऱ्याच्या उत्तर टोकाला, अरेत्सोजवळ असलेल्या बंधाऱ्याची उंची कमी करावी, तर पाणी एकदम आर्नोत जाऊन फ्लॉरेन्स बुडायची भीती. बॅरोमीटरवाल्या टॉरिसेलीचाही त्याला विरोध होता.

मार्ग निघाला तो ‘कोल्माता’चा, म्हणजे गाळानंच जमीन उंच करण्याचा. दलदलीच्या एका तुकड्याला मातीचे बांध घालायचे, डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचं पुराचं गढूळ पाणी आत घ्यायचं आणि तोंड बंद करायचं. गाळ खाली बसला की दुसऱ्या टोकाच्या दारातून वरचं नितळ पाणी हळूहळू सोडायचं. पुढच्या पुराला पुन्हा तेच. दार घाईनं उघडलं तर गाळही वाहून जातो. जाड वाळू तोंडाशीच पडते, बारीक चिकणमाती लांब जाते. म्हणून पाणी सतत एकाच जागेवरून घेतलं तर एका टोकाला उंचवटा होतो आणि दुसरीकडं डबकं राहतं. दक्षिणेची बाजू अशी जास्त भरली की उतार उत्तरेला पडतो. अरेत्सोच्या व्हित्तोरिओ फोसोंब्रोनीनं (१७५४–१८४४) हा आराखडा १७८९ मध्ये ग्रंथरूपानं मांडला. काम पुढं कित्येक दशकं चाललं. इतका धीर धरणारं सरकार मिळणं हीच यातली खरी दुर्मीळ गोष्ट. आज मुख्य कालवा सुमारे ६० किलोमीटर वाहून आर्नोला मिळतो. खोऱ्याच्या दक्षिण टोकाचं पाणी मात्र अजून टायबरकडंच जातं.

बडोद्यात हे जमणार नाही. कोल्मातासाठी वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवता येईल अशी मोकळी जमीन लागते. शहरात विश्वामित्रीच्या काठची जमीन भराव घालून उंच केली, तर पुराची पसरायची जागा जाते आणि तेच पाणी शेजारच्या सोसायट्यांत चढतं. शहराच्या वरच्या अंगाला, पडीक जमिनीत बांध घालून पुराचं पाणी काही काळ थोपवायचं, एवढा भाग घेण्याजोगा आहे. गाळही मग बराचसा तिथंच बसेल.