पोर्तुगालला निघण्याआधी भ्रूणांचं काय करायचं

बाय, तुझा प्रश्न मला समजला तो असा. सासऱ्यांची आणि मग नवऱ्याची जन्मनोंद लिस्बनमध्ये करायला, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी, कागद दिलेत, पासपोर्ट हातात आला की वर्षभरात दोघं डिचोली सोडून तिकडे जाणार. तुझं गर्भाशय काढावं लागलंय, त्याआधी बनवलेले तुमचे भ्रूण पणजीच्या एका क्लिनिकात गोठवून ठेवलेत, आणि कुणीतरी डोक्यात भरवलंय की सरोगसी युरोपात निवांत करता येईल, भ्रूण कुरिअरनं येतात.

नुसत्या कुरिअरनं येत नाहीत. आणि आले तरी तिथं त्यांचं काय करणार? पोर्तुगालात सरोगसी कायद्याच्या पुस्तकात आहे, दवाखान्यात नाही. २०१६ साली कायदा केला. २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं त्यातली महत्त्वाची कलमं उडवली, कारण मूल पोटात वाढवणाऱ्या बाईला शेवटपर्यंत मन बदलायची मुभा नव्हती. २०२१ च्या अखेरीस दुरुस्त कायदा आला, त्यात बाळाची नोंद होईपर्यंत तिला माघार घेता येते. पण तो राबवायचे नियमच झालेले नाहीत, त्यामुळे अर्ज करायला खिडकीच नाही. मी लिस्बनला काही वर्षं काढून मग इंग्लंडातल्या स्विंडनला आले. पोर्तुगालात गर्भाशय नसलेल्या बायका वर्षानुवर्षं या नियमांची वाट बघत बसल्या आहेत. शिवाय तिथं भ्रूण तीन वर्षं ठेवतात, मागितलं तर आणखी तीन. आपल्याकडे दहा. मग हलवायचे कशाला?

तुझ्यासाठी वाट आहे ती गोव्यातच. २०२१ चे दोन कायदे, एक सरोगसीचा आणि एक एआरटीचा, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. पैसे देऊन सरोगसी बंद; औषधोपचाराचा आणि नियमात ठरवलेला खर्च आणि मूल वाढवणाऱ्या बाईचा ३६ महिन्यांचा विमा एवढंच देता येतं. ती लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी, आणि आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. तुझं वय २३ ते ५० आणि नवऱ्याचं २६ ते ५५ या चौकटीत हवं. गर्भाशय नसणं हे कायद्याला मान्य असलेलं कारण आहे, म्हणजे जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्याला तुझ्याकडे भक्कम कागद आहे. पुढं मॅजिस्ट्रेट कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, तोही बाळ होण्याआधी. कागद पुष्कळ, पण प्रत्येक कागदाला दार आहे. भ्रूण २५ जानेवारी २०२२ च्या आधी गोठवलेले असतील तर वयाची अट तुम्हाला आडवी येऊ नये, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिलाय. गोठवल्याची तारीख क्लिनिककडून लेखी घे, दहा वर्षांची मुदतही तिथूनच मोजतील.

बाईचं म्हणशील तर नणंद किंवा मावसबहीण पुढं येते, आणि मग तिच्या सासरी कुजबुज सुरू होते. तिच्या नवऱ्याशी तुम्ही दोघांनी समोर बसून बोला, सासूमार्फत निरोप नको.

आता खरी गोम. कायद्यात जोडपं म्हणजे विवाहित भारतीय पुरुष आणि स्त्री. भारतीय वंशाच्या जोडप्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण त्यांना सरोगसी-एआरटीच्या राष्ट्रीय मंडळाची शिफारस आणावी लागते. नवरा पोर्तुगीज झाला की आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्याला ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, घ्यावं लागणार. मग तुम्ही अर्धं भारतीय, अर्धं ओसीआय असं जोडपं, आणि फाईल कुठल्या टेबलावर जाते ते बघत बसा. नुसत्या जन्मनोंदीनं नागरिकत्व जातं की नाही, यावर आपल्याकडे आमदारांपर्यंत वाद गेलेत. तेव्हा तिकडच्या नोंदीचं काम थांबवता येत असेल तर वकिलाला विचारून थांबवा. पासपोर्टची घाई एजंटला असते, तुम्हाला नाही.

माझं स्पष्ट मत: मूल आधी, लिस्बन नंतर. नवरा एकटा पुढं जाऊन नोकरी बघतो म्हणेल, तर तेही नागरिकत्व बदलण्याआधी दाखले मिळवून मगच.

भ्रूण नेण्याचा विचार पुढं कधी केलाच, तर एआरटी कायद्यानुसार स्वतःचे भ्रूण स्वतःच्या वापरासाठीच, राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीनं नेता येतात. 'आम्ही सगळं बघतो' म्हणणाऱ्याकडे आधी ते परवानगीचं पत्र माग. ब्रिटनच्या आशेवर राहू नकोस. आमचं इथं जमलं ते ब्रेक्झिटच्या आधी आल्यामुळे, आता पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही इथं राहायला व्हिसा लागतो. व्हिसावर आलेल्यांनी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरला तरी आयव्हीएफ त्यात धरत नाहीत, २०१७ पासून इंग्लंडात ते वगळलंय. सरोगसीत इथं जन्म देणारी बाईच कायद्यानं आई. बाळ झाल्यावर कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, आणि तिची संमती सहा आठवड्यांच्या आत दिली तर ग्राह्य धरत नाहीत.

एक गोष्ट गोव्याबाहेरचा सल्लागार सांगणार नाही. आपल्याकडे अर्धी मालमत्ता मुलाबाळांच्या हक्काची, मृत्युपत्र करूनही ती डावलता येत नाही. सरोगसी कायदा बाळाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क देतो. तरी उद्या वडिलोपार्जित घराचं इन्व्हेंटरी प्रकरण, म्हणजे वारसांमधली वाटणी, कोर्टात उभं राहिलं, तर चुलतदीर आधी बाळाचा जन्मदाखला मागणार. त्यावर आईच्या रकान्यात तुझंच नाव हवं.

आणि नावं आत्ताच तपास. आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज दाखल्यात आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, क्लिनिकच्या संमतिपत्रावर तिसरं, हे आपल्या घराघरात आहे. गोठवलेल्या नळीवरच्या चिठ्ठीत दोघांची नावं असतात, तीच संमतिपत्रावर, आणि मंडळापुढंही तीच यायला हवीत. क्लिनिकात गेलीस की संमतिपत्राची प्रत मागून घे आणि दोघांच्या आधारशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव. फरक निघाला तर प्रतिज्ञापत्र जिल्हा मंडळाकडे अर्ज करायच्या आधी कर.