लो निसटतोय? ट्रान्सफर केस इतक्यात बदलू नका

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची सीजे ३बी जीप आहे, तीन गिअरची. दोन वर्षांपूर्वी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. हल्ली शेताच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लो निसटतो आणि लिव्हर न्यूट्रलला येतो. खालून सतत घुंघुं आवाजही येतो. मेकॅनिक म्हणतात, ट्रान्सफर केस गेली, जुन्या बाजारातून दुसरी आणा. आणू का?
– एक वाचक, भोर

उत्तर : इतक्यात आणू नका. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची पेटी. ती इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवते आणि नेहमीचा हाय व हळू, जोराचा लो असे दोन टप्पे देते. जुन्या बाजारातली केस कुणाच्या तरी गाडीतून उतरवलेली असते आणि ती का उतरवली, हे विकणारा सांगत नाही. तुमच्या केसचा इतिहास निदान तुम्हाला माहीत आहे.

त्याआधी एक. उतारावर लो सुटला की इंजिनाचा रोध त्याच क्षणी जातो आणि गाडी सगळ्या वजनानिशी खाली धावते. दोष सापडेपर्यंत जीप त्या उतारावर नेऊ नका. ट्रेलर लावून तर मुळीच नको.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते इंजिन बदलल्याचं वाक्य. लो निसटायला त्यानंतर लागला का, आठवून बघा. या जीपमध्ये ट्रान्सफरचे दोन्ही लिव्हर केसवरच बसलेले असतात आणि पत्र्यातल्या फटीतून वर येतात. नवं इंजिन थोडं मागे किंवा खाली बसलं, किंवा डिझेलच्या हादऱ्यांनी गिअरबॉक्सखालचं रबरी फाउंडेशन दबलं, की इंजिन-गिअरबॉक्स-केस हा सगळा जोड सरकतो, पण पत्रा जागेवरच राहतो. मग लिव्हर पत्र्याला टेकतो आणि गिअर पूर्ण आत जातच नाही. अर्धवट अडकलेले दात चढावर कसेबसे धरून राहतात. पाय काढला की ओझं दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतं आणि ते सुटतात. म्हणून आधी लिव्हरचं रबर आणि भोवतालचं झाकण काढा, लो टाका आणि लिव्हर कुठे टेकतोय का ते डोळ्यांनी बघा. मग केसखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने अलगद उचला. रबर फाटलं असेल तर तिथेच दिसेल. इंजिन बदललेल्या जीपमध्ये मी हे दोन्ही बघितल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

तिथे काही सापडलं नाही तर शिफ्ट रॉडच्या (गिअर सरकवणाऱ्या दांड्याच्या) खाचेत बसणारी गोळी आणि तिची स्प्रिंग काढून बघा. स्प्रिंग थकली की लिव्हर हाताला गुळगुळीत लागतो, गिअर बसल्याचा ‘टक’ जाणवत नाही. हा खर्च किरकोळ आहे. फोर्क (गिअर ढकलणारा काटा) घासला असेल किंवा दातांची टोकं गोल झाली असतील, तर मात्र केस उघडावी लागेल.

आता आवाज. या केसमध्ये हाय असो की लो, ताकद कधीच सरळ जात नाही. मेनशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून केसमध्ये येणाऱ्या दांड्याच्या, शेपटावरचा गिअर इंटरमिजिएट (मधल्या) गिअरला फिरवतो आणि तो आउटपुटच्या गिअरला. त्यामुळे थोडी घुंघुं अगदी निरोगी केसमध्येही असते. ती वाढली आहे का, हे तुमच्या कानाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. वाढली असेल तर ती कुठून येते, ते असं शोधा. तुमच्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे त्यात ताकद दातांमधून न फिरता सरळ मागे जाते. पहिल्या-दुसऱ्यात आवाज आणि तिसऱ्यात शांतता, तर दोष गिअरबॉक्सचा. तिन्हीत सारखाच, तर केसचा किंवा तिच्या मागच्या भागांचा.

मग सपाट जागी गाडी उभी करा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रलला आणि गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकून क्लच हळू सोडा. गाडी जागेवरच राहील. मेनशाफ्ट आणि इंटरमिजिएट फिरतील, आउटपुटचा शाफ्ट थांबलेला राहील. आवाज आला तर मेनशाफ्टची बेअरिंग किंवा इंटरमिजिएटची नीडल (सुईसारख्या बारीक रोलरची) बेअरिंग. आला नाही तर आउटपुटची बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, किंवा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी). क्रॉस हाताने हलवून बघायला वेळ लागत नाही, आणि केसच्या नावावर खपवलेले कितीतरी आवाज तिथलेच निघतात.

दगडांवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये ठेवून काहीच उपयोग नसतो. शिवाय या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, केसच्या मागच्या आउटपुटवरच्या ड्रमवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. अशा गाडीखाली दगडांशिवाय कुणालाही झोपू देऊ नका.

पुढे तेल. गाडी फिरवून आणा आणि तेल गरम असतानाच स्वच्छ पातेल्यात काढा. चुंबकाला करडा बारीक लेप लागला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. पितळी चमक दिसली तर इंटरमिजिएटचे थ्रस्ट वॉशर (गिअरच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या) झिजत आहेत. पोलादी तुकडे निघाले तर नीडल बेअरिंग फुटलंय आणि गाडी थांबवायलाच हवी. तेल काढलंच आहे तर केसच्या मागच्या अंगाचं, मेनशाफ्टच्या रेषेतलं झाकण उघडा. पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवणारी जोडणी, बसवण्याची ही जागा. आत मेनशाफ्टचा गिअर धरून ठेवणारा मोठा नट आणि त्याची कॉटर पिन दिसते. तो नट ढिला झाला की गिअर डुलतो, दात वाकडे घासतात, आणि घुंघुं व निसटणं दोन्ही एकदम सुरू होऊ शकतात. इंजिन बदलताना कुणी केस वेगळी केली असेल तर या नटावर माझा पहिला संशय. खालचं पत्र्याचं झाकण काढून इंटरमिजिएट गिअर पुढे-मागे आणि वर-खाली हलवून बघा. वर-खाली प्ले लागला तर शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदला. नुसती बेअरिंग घासलेल्या शाफ्टवर टिकत नाहीत. आणि नुसतं ‘विलीजचा (या जीपच्या मूळ कंपनीचा) शाफ्ट द्या’ म्हणू नका. या जातीच्या केसमध्ये पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि सव्वा इंच अशा तीन जाडीचे शाफ्ट आले. जुना शाफ्ट दुकानात घेऊन जा.

एवढं सगळं बघून केसचं बिडाचं कवचच तडकलेलं निघालं, तरच दुसरी केस शोधा.

प्रश्न : जुनी जिप्सी घेतली. घाटात पावसामुळे फोर-व्हील टाकली, ती तशीच गावापर्यंत चालवली. नंतर लिव्हर निघेना, स्टिअरिंग जड झालं. केस जाम झाली का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : केस बहुतेक ठीक आहे. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून ती तफावत भरून निघते. घट्ट पकडीच्या डांबरावर ती निघत नाही, शाफ्ट पिळले जातात आणि दात एकमेकांना आवळून धरतात. लिव्हर ओढून तोडू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पिळ सुटतो आणि लिव्हर हलक्या हाताने येतो.

सरळ रस्त्यावरही असंच होत असेल तर टायर तपासा. हवा सारखी करा, प्रत्येक टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकला आणि अंतर टेपने मोजा. पुढची जोडी नवी आणि मागची गुळगुळीत असेल तर सरळ जातानाही पिळ चढतो. डांबर कोरडं दिसलं की टू-व्हीलला या.

प्रश्न : जीपच्या गिअरबॉक्समधलं तेल कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही. कुठे जातं?
– एक वाचक, अकोले

उत्तर : शेजारच्या ट्रान्सफर केसमध्ये. केसचा लेव्हल प्लग खोला, तेल आपोआप बाहेर वाहील. दोघांच्या मधलं सील गेलं की असं होतं. भरलेली केस मग मागच्या सीलमधून गळते आणि तेल थेट हँडब्रेकच्या लायनरवर जातं. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) हेही साफ करा; तो बुजला की आतला दाब चांगलं सीलसुद्धा ढकलतो. सील बदलेपर्यंत दोन्हीकडची पातळी दर आठवड्याला बघा आणि गिअरबॉक्स कोरडा पडू देऊ नका.