तारखा कोऱ्या नाहीत, उलटल्या आहेत

वैद्यकीय अभ्यासाच्या पाच साइटचा (रुग्ण तपासणाऱ्या केंद्रांचा) डेटा एकत्र केल्यावर एकीच्या निम्म्याहून जास्त भेटींच्या तारखा कोऱ्या आणि काही रुग्णांची दुसरी भेट पहिलीच्या आधी, हे तुमच्या प्रश्नात वाचून दुखणं ओळखीचं वाटलं. साइटवरच्या नर्सला धारेवर धरू नका. बहुधा तिने बरोबरच भरलंय.

संशय घ्या मधल्या कॉम्प्युटरवर. तारखेचं सेटिंग अमेरिकी असताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ०३/०४/२०२३, म्हणजे आपला ३ एप्रिल, ४ मार्च होतो. २५/०४/२०२३ तारीख म्हणून बसतच नाही. टेक्स्ट म्हणून रकान्यात डावीकडे चिकटून राहते. मग फाइल एक्सेल स्वरूपात सेव्ह झाली की चूक पक्की, आणि पुढचं सॉफ्टवेअर बहुतेकदा त्या टेक्स्टला कोरं धरतं. हिशेब करा: वर्षाच्या ३६५ तारखांपैकी २२१ कोऱ्या, १३२ गुपचूप चुकीच्या, आणि १/१, २/२ अशा १२ तेवढ्या शाबूत. उरलेल्या तारखांत दिवस कधीच १२ च्या पुढे जात नसेल, तर निदान झालं. कोऱ्या निदान दिसतात. भोवतात त्या १३२.

आम्हाला महाग पडलं ते समन्वय कार्यालय, म्हणजे सगळ्या साइटच्या फाइली गोळा करणारं. साइटची फाइल 'साफ' करून त्याच नावाने सेव्ह, आणि मूळ फाइल मागितली की "हीच मूळ". तीन महिने ईमेल! म्हणून आधी साइटच्या पाठवलेल्या ईमेलमधली जोडफाइल मिळवा, रीड-ओन्ली करून ठेवा.

सरसकट दिवस-महिना उलटवू नका. काही ओळी मधे कुणीतरी हाताने सुधारलेल्या असतात. भेट ठरलेल्या २८ ± ३ दिवसांत बसते म्हणून तीच तारीख खरी, असंही धरू नका, खरोखर उशिरा आलेले रुग्ण त्यात झाकले जातात. क्वेरी (साइटला लेखी विचारणा) काढा, सोर्स डॉक्युमेंट (रुग्णाची मूळ नोंद) बघा. जुनी तारीख, नवी तारीख, कारण, कोणी, कधी, हे सगळं लॉगमध्ये. डेटाबेस लॉक (विश्लेषणासाठी बदल बंद) झाला असेल तर माझं ऐकू नका, आधी स्टॅटिस्टिशियनशी बोला.

पुढे सगळीकडे वर्ष-महिना-दिवस. एक्सेल टाळता येत नसेल तर 'डेटा' टॅबमधून आयात करताना तारखेचा रकाना टेक्स्ट ठेवा. रेडकॅपमध्ये (अभ्यासाचा डेटा भरायचं सॉफ्टवेअर) आयातीच्या वेळी तारखेचा क्रम विचारतात, तिथे घाईत पुढे जाऊ नका. शिवाय कोरा रकाना आयात केला तरी जुनं मूल्य पुसलं जात नाही, मूळ सेटिंग तसं आहे; चुकीची तारीख 'काढली' तरी ती तिथेच असते.

हात लागलाच आहे तर क्रिएटिनिनही (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) बघा. एखादी साइट मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देत असेल तर आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या ८८.४ पट दिसतो. तो लगेच सापडतो. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये असलं की १२ चं १२० होतं, तेही सापडतं. पण कोणी दशांश चिन्ह गाळून १२.० चं १२० केलं असेल तर दोन्ही सारखेच दिसतात. एककाचा रकाना वेगळा ठेवा.