ऑडीचे चार गोल गेले कुठे?

या वेळी गाड्यांच्या सदरात पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मी एकाच विषयावरची, चीनमधल्या ऑडीच्या लोगोवरची. कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला असणार आणि तो फिरत फिरत सगळीकडे पोचला. मायलेजवाले, इन्शुरन्सवाले, जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): माझा भाचा शांघायला नोकरीला आहे. त्याने एका गाडीचा फोटो पाठवला, पुढे नुसतं ऑडी असं कॅपिटल अक्षरांत लिहिलंय, चार गोल नाहीतच. मी म्हटलं अरे डुप्लिकेट आहे ती, चायना माल, नादी लागू नको. तो म्हणतो मामा ही ओरिजनल आहे, शोरूममध्येच उभी आहे. मिसळीवर पैज लागलीये. कोण बरोबर?

उत्तर: भाचा बरोबर. मिसळ तुमच्याकडे लागली, तर्री जास्तीची मागवा म्हणजे दुःख कमी होईल.

पण तुमचं काही चुकलं असं नाही, कारण ऑडी म्हटलं की चार गोल हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गोल नसले तर हात आपोआप खिशाकडे जातो, कुणी फसवतंय का म्हणून. झालंय असं की ७ नोव्हेंबर २०२४ ला शांघायमध्ये ऑडीने खास चीनपुरता एक नवा ब्रँड दाखवला. नाव तेच, ऑडी, फक्त चारही अक्षरं कॅपिटल, आणि गोल गायब. पहिली गाडी ई५ स्पोर्टबॅक, ती २०२५ मध्ये विकायला आली आणि शांघायजवळच्या अँटिंगला बनते. तुमच्या भाच्याला रात्रीचा फोटो काढायला सांगा, पुढची ती अक्षरं पेटतात.

आता मुद्दा. ही गाडी ऑडीने एकट्याने केलेली नाही. एसएआयसी म्हणून शांघायची अवाढव्य कंपनी आहे, तिच्याबरोबर मिळून केलीये. (आपल्याकडे एमजीच्या गाड्या दिसतात ना, त्या ब्रिटिश एमजीची मालकी आता याच एसएआयसीकडे आहे.) खालचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा पाया, दोघांनी मिळून केलेला, त्यातलं बरंच सॉफ्टवेअर चिनी, म्हणजे जर्मनीत जी ऑडी विकली जाते तिची ही सख्खी बहीण नाही, चुलत म्हणा हवं तर. आणि चीनमध्ये चार गोलवाली ऑडी बंद झाली असंही नाही हां, हा गैरसमज सगळ्यात जास्त दिसला पत्रांत. चांगचुन नावाचं शहर आहे उत्तरेकडे, तिथे एफएडब्ल्यू ही दुसरी सरकारी कंपनी १९८८ पासून ऑडी बनवते, ए६एल ई-ट्रॉन, क्यू६एल ई-ट्रॉन वगैरे, त्यांच्यावर गोल शाबूत आहेत. म्हणजे एकाच देशात दोन ऑडी, एक गोलवाली एक बिनगोलाची. आपल्या पुण्याच्या भाषेत सांगायचं तर 'आमची कुठेही शाखा नाही' म्हणणाऱ्याने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच दुसरी पाटी लावली.

हे करायची गरज का पडली? धंदा घसरला म्हणून, सरळ आहे. ऑडी चीनमध्ये २०२३ ला सात लाखांहून जास्त गाड्या विकत होती, २०२४ ला त्या साडेसहा लाखांच्या आसपास आल्या. तिकडच्या तरुण गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक हवी, मोठी स्क्रीन हवी, आणि जर्मन नावासाठी दुप्पट पैसे मोजायची त्याला गरज वाटत नाही, कारण मोबाइलवाली शाओमीसुद्धा मार्च २०२४ मध्ये इलेक्ट्रिक गाडी घेऊन उतरली, २ लाख १५ हजार ९०० युआनपासून. तेव्हा ऑडीने ई५ लावली २ लाख ३५ हजार ९०० पासून. तेव्हाच्या भावाने आपल्या पैशांत साधारण २९ लाख. हो, ऑडी, २९ लाखांत, पूर्ण इलेक्ट्रिक. मी पण हे दोनदा वाचलं. आता या किमतीच्या गाडीवर चार गोल लावले तर ज्याने चांगचुनची महागाची ऑडी घेतलीये तो म्हणणार की मी काय येडा होतो का. हे शेवटचं वाक्य माझं, कंपनीचं नाही. कंपनी आपली 'वेगळी ओळख' वगैरे सांगते.

प्रश्न (कोल्हापूर): चिनी लोकांत चार हा आकडा अशुभ मानतात म्हणून गोल काढले असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं का?

उत्तर: चारला अशुभ मानतात हे खरं, कारण चार आणि मरण या दोन शब्दांचा उच्चार तिकडे जवळजवळ सारखा आहे, फक्त सूर बदलतो. पण लोगोचं कारण हे नाही. पस्तीसेक वर्षं तिथे चार गोलांच्या काळ्या ऑडी सरकारी साहेबांना घेऊन फिरल्या आणि नावातच चार असलेली ए४एल पण धडाधड खपली. एवढं अशुभ असतं तर साहेब लोक आधी उतरले असते. ग्रुपवर जाऊन सांगा, अर्थात तिथे कुणी ऐकत नाही ते वेगळं.

प्रश्न (पुण्यातल्या वाचक): मला कारण वगैरे ठीक आहे, पण वाईट वाटलं. नव्वद वर्षांचा लोगो एका मार्केटसाठी काढून टाकायचा म्हणजे वारसा पुसण्यासारखं नाही का? आपल्या घराण्याचं नाव कुणी असं बदलतं का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मीही मान हलवली. मग जुना इतिहास काढून बसलो आणि मत बदललं. जरा लांबण लागेल, पण गोष्ट भारी आहे.

ऑगस्ट होर्ख म्हणून जर्मन इंजिनिअर होते, त्यांनी १८९९ मध्ये स्वतःच्या नावाने कंपनी काढली. पुढे कंपनी त्स्विकाऊ या गावात गेली, तिथे बाकीच्या संचालकांशी बिनसलं आणि १९०९ ला होर्ख स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले. बाहेर पडून त्याच गावात दुसरी कंपनी काढली, परत स्वतःचंच नाव देऊन. झालं, जुन्या कंपनीने कोर्टात खेचलं आणि कोर्ट म्हणालं की होर्ख हे नाव आता तुमचं नाही. विचार करा, स्वतःचं आडनाव वापरायची बंदी! मग नवं नाव शोधायला सगळे एका मित्राच्या घरी बसले होते, फिकेन्चर नावाचे, आणि त्यांचा शाळकरी मुलगा बाजूला लॅटिनचा अभ्यास करत होता. होर्ख म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक!'. पोरगा म्हणाला लॅटिनमध्ये सांगा की, ऑडी. त्याचाही अर्थ 'ऐक!'. १९१० पासून कंपनीचं नाव ऑडी. कोर्टबाजीपायी भाषांतर केलेलं आडनाव आहे ते.

यात गोल कुठे आहेत? नाहीतच. ते आले १९३२ ला. मंदीत सगळे बुडायच्या बेतात होते, तेव्हा सॅक्सनीच्या सरकारी बँकेच्या पुढाकाराने चार कंपन्या एकत्र बांधल्या, ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वांडरर. नाव ऑटो युनियन आणि खूण चार अडकवलेले गोल, दर कंपनीचा एक. नीट बघा यातली गंमत, ज्या होर्ख कंपनीने कोर्टात खेचलं होतं तीच आता शेजारच्या गोलात येऊन बसली. आपल्याकडे भाऊबंदकीत कोर्टात गेलेले दोघे म्हातारपणी एकाच ओसरीवर बसलेले दिसतात, तसंच. आणि एकत्र आले तरी गाड्या मात्र प्रत्येकाने आपापल्या नावाने विकल्या.

आता महत्त्वाचं. महायुद्धानंतर त्यांचे कारखाने रशियनांच्या ताब्यातल्या भागात गेले, मशिनरी उचलून नेली गेली, आणि १९४९ ला ऑटो युनियन पश्चिम जर्मनीत इंगोलश्टाटला नव्याने उभी राहिली. तिथून डीकेडब्ल्यूच्या गाड्या निघायच्या, पुढे चार गोल लावलेल्या, आणि ऑडी हे नाव? कुठेच नाही. ते नाव परत गाडीवर आलं १९६५ ला, ऑटो युनियन फोक्सवॅगनच्या ताब्यात जात होती त्या सुमारास. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं गोल होते आणि नाव नव्हतं. आज शांघायमध्ये नाव आहे आणि गोल नाहीत. तेव्हा कुणी वारसा पुसला म्हणून रडलं असेल असं वाटत नाही, लोकांना युद्धानंतर गाडी मिळाली हेच खूप.

म्हणून म्हणतो, खूण आणि नाव या दोन वेगळ्या चिजा आहेत. गोल ही एकत्र कुटुंबाची पाटी, आणि अक्षरं ही त्याच्याही २२ वर्षं आधीची, एकट्या ऑडीची. शांघायच्या गाडीवर खरं तर जुनी पाटीच लागलीये, अक्षरांचं वळण नवं एवढंच.

खटकण्यासारखं असेल तर ते दुसरंच काहीतरी. याआधी एसएआयसीने ए७एल म्हणून ऑडी विकली होती आणि तिच्यावर गोल होते बरं का. म्हणजे भागीदार बदलला म्हणून गोल गेले असं नाही, गाडीच्या आतलं सामान बदललं म्हणून गेले. एका अर्थी प्रामाणिकपणा आहे हा, की बाबांनो ही इंगोलश्टाटची नाही. पण मग नाव तरी ऑडी का ठेवलं? फोक्सवॅगनने २०१९ ला चीनमध्ये जेट्टा नावाचा स्वस्तातला ब्रँड काढला तेव्हा लोगोही वेगळा केला आणि फोक्सवॅगन हे मोठं नाव पण वगळलं, काम स्वच्छ. ऑडीला मात्र गोल नकोत पण वजन हवंय. इथे मला त्यांचा हात दगडाखाली दिसतो, तुमचं मत वेगळं असू शकतं.

प्रश्न (नागपूर): आपल्याकडे पण असं होणार का? मी सेकंडहँड ए४ घ्यायच्या विचारात आहे, उद्या लोगोच बदलला तर रिसेलला मार नको.

उत्तर: बिनधास्त घ्या, म्हणजे लोगोच्या बाबतीत बिनधास्त, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स चांगल्या माणसाकडून तपासून घ्या, तिथे खरा मार बसतो. तो नवा ब्रँड फक्त चीनसाठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ऑडी छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्यात जोडल्या जातात आणि चार गोल लावूनच बाहेर पडतात.

आणि लोगो तर सोडाच, आपल्याकडे ऑडी ही कंपनी यायच्या कितीतरी आधी ऑडी हा शब्द आला तो रवी शास्त्रींमुळे. मार्च १९८५, मेलबर्न, पाकिस्तानला हरवलं, शास्त्री चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स, आणि बक्षीस म्हणून ऑडी १००. अख्खी टीम त्या गाडीवर चढून मैदानात फिरली, बॉनेटवर, टपावर, जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या चाळीत त्या दिवशी कुणाला चार गोल म्हणजे काय हे माहीत नव्हतं, ऑडी हा उच्चार पण धड येत नव्हता, 'आवडी' म्हणायचे काही जण. ती गाडी मुंबईत आली, पुढे खूप वर्षं नुसती पडून होती आणि २०२२ मध्ये मुंबईतच तिला परत नव्यासारखी करून शास्त्रींच्या हातात दिली. आणि बघा, चांगचुनला १९८८ पासून जी ऑडी जोडायला सुरुवात झाली ती हीच, ऑडी १००.

प्रश्न (सांगली): आमच्या गावात एकाने अल्टोला ऑडीचे चार गोल लावलेत. त्याला काय म्हणायचं?

उत्तर: हौस म्हणायचं. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात तर काउंटरखाली एक खोका असतो, त्यात सगळ्या कंपन्यांचे मोनोग्राम एकत्र पडलेले असतात, तारा, गोल, घोडा, सगळं क्रोम मारलेलं प्लास्टिक. मी एकदा माझ्या जुन्या गाडीचा पडलेला मोनोग्राम शोधत होतो तर दुकानदार म्हणाला, "साहेब तो नाहीये, ऑडीचा लावू का, दोनशेला देतो." मागचा टेप सोलून बघितला तर चार गोलांपैकी एक नीट जोडलेलाच नव्हता, हातात तीनच आले.

पण तुमच्या गावच्या भावाला जास्त हसू नका. कंपन्या स्वतः हेच करतात, ते पण कागदोपत्री. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा शेजारी उभी करा, बॉनेट उघडा, सुझुकीचंच इंजिन. २०१९ पासून विकतायत, आणि हीच गाडी पुढे आफ्रिकेत टोयोटा स्टारलेट म्हणून जाते. तिथे गाडी तीच आणि लोगो बदलला, शांघायमध्ये नाव तेच आणि गाडी बदलली. अल्टोवाल्याने निदान दोनशेच घातले. फक्त त्याला सांगा की विकताना काढून ठेव, आणि काढताना हेअर ड्रायरने टेप गरम करून दोऱ्याने काप, स्क्रू ड्रायव्हर घातला तर बॉनेटचा रंग जाईल आणि मग चार गोलांच्या जागी चार ओरखडे.