काल गोळी कुणी दिली?

प्रिय सहकारी,

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या दवाखान्यात तू समुपदेशक म्हणून रुजू होते आहेस. पहिल्याच आठवड्यात तुझ्या टेबलावर एक यादी येईल: ठरलेल्या तारखेला न आलेली मुलं. ठरल्या तारखेनंतर २८ दिवस संपर्क झाला नाही, की उपचार खंडित झाले अशी नोंद बऱ्याच कार्यक्रमांत होते. तू मात्र त्या २८ दिवसांची वाट पाहू नकोस. गोळ्या तारखेच्या हिशेबाने दिलेल्या असतात, फार तर चार-आठ दिवसांच्या जास्त. तशी नोंद होईपर्यंत घरातली बाटली रिकामी झालेली असते. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याच्या आत पुन्हा फोन, आणि तरी पत्ता नसेल तर घरभेट, तीही नोंदणीच्या वेळी लेखी परवानगी घेतली असेल तरच. दारात उभं राहून शेजाऱ्याला 'दवाखान्यातून आलोय' म्हटलंस, तर ते घर पुन्हा दवाखान्याकडे फिरकणार नाही. तान्ह्या बाळाची तारीख चुकली तर त्याच दिवशी फोन कर. उपचार मिळाले नाहीत तर संसर्ग झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधी दगावतात.

आता मुद्द्याचं. मूल दवाखान्यात येत नसतं, त्याला कुणीतरी आणत असतं. गोळीही कुणीतरी देत असतं. तो माणूस बदलला की उपचार तुटतात. आई आजारी पडली, मूल आजीकडे राहायला गेलं, मावशीला कामाची नवी पाळी लागली, वसतिगृह मिळालं, किंवा 'आता मोठा झालास, तुझं तू घे' असं कुणी सांगून टाकलं. सुटलेल्या मुलांच्या फायली मागे उलगडून पाहिल्यास, तर फार वेळा सुटण्याच्या थोडं आधी असा एखादा बदल सापडेल. म्हणून 'गोळ्या नीट घेतो ना?' हा प्रश्न विचारूच नकोस. त्याला 'हो' शिवाय उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचार: काल गोळी कुणी दिली? किती वाजता? ते घरी नसले तर कोण देतं? गेल्या सात दिवसांत कधी राहिली? उत्तर देणाऱ्याचं मुलाशी नातं काय, ते दर भेटीला फाइलवर लिही. मागच्या खेपेपेक्षा वेगळं नाव आलं, तर त्या दिवशी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, कागद कितीही चांगला असला, तरी नव्या माणसाला समोर बसवून पहिल्यापासून शिकव.

शिकवायचं म्हणजे सांगायचं नव्हे, करून घ्यायचं. लहान मुलांसाठी डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी आहे. वय किमान चार आठवडे आणि वजन ३ किलो झालं की ती देता येते. मात्रा वजनावर ठरते: ३ ते ५.९ किलोला अर्धी, ६ ते ९.९ किलोला दीड, १० ते १३.९ किलोला दोन, १४ ते १९.९ किलोला अडीच. सोबतची अबाकॅविर-लॅमिव्युडिनची गोळीही वजनानुसार वाढत जाते. भांड्यात थोडं स्वच्छ पाणी, त्यात गोळ्या, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, अर्ध्या तासाच्या आत पाजायचं. मग त्याच भांड्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही पाजायचं, कारण तळाशी औषध राहतं. ही शेवटची पायरी घरोघरी गळते. पाजल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर मात्रा पुन्हा द्यायची. गोळी राहिली तर आठवताच द्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

मूल २० किलोचं झालं की मोठ्यांची ५० मिलिग्रॅमची डोल्युटेग्रॅविर गोळी चालते. इथे एक हिशेब हमखास चुकतो. मोठी गोळी संपली म्हणून कुणी १० च्या पाच विरघळवतं. विरघळणारं औषध शरीरात जास्त शोषलं जातं, म्हणून मोठ्या एका गोळीच्या जागी छोट्या तीन पुरतात. उलट बाजूने, मोठी गोळी मोडून लहान मुलाला अंदाजाने देणंही चालत नाही. आणि हे सगळं वजनकाट्यावर उभं आहे. वाढतं मूल सहा महिन्यांत वरच्या वजनगटात जाऊ शकतं, आणि जुन्याच मात्रेवर राहिलं तर औषध कमी पडून विषाणू डोकं वर काढतो. दर भेटीला वजन. मग औषधाची चिठ्ठी. उलट क्रमाने नको.

दोन गोष्टी पालक आपण होऊन सांगत नाहीत. एक, टॉनिक. लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी सोबत घेतलं तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्यावीत, नाहीतर डोल्युटेग्रॅविर टॉनिकच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. दोन, दुसरीकडे सुरू झालेले क्षयाचे उपचार. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावर आणखी दोन आठवडे डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागतं. म्हणून सगळ्या बाटल्या, सगळ्या पुड्या पिशवीत घालून आणायला सांग.

निदान सांगण्याबद्दल घरात सर्वांत जास्त टाळाटाळ होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: शाळेच्या वयातल्या मुलाला, म्हणजे ६ ते १२ च्या दरम्यान, स्वतःचं निदान कळलेलं असावं, त्याआधी वयाला झेपेल तेवढं, टप्प्याटप्प्याने. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते' एवढं पुरतं. पुढे रक्त कशासाठी काढतात ते सांगायचं, आणि मग आजाराचं नाव. आई थांबते ती बहुधा एका प्रश्नाच्या भीतीने: 'मला हे कुठून आलं?' त्याचं उत्तर तिच्याकडून आधी, मूल बाहेर असताना, मोठ्याने म्हणवून घे. एकदा सांगून झालं की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा बोलाव. त्याचे खरे प्रश्न तेव्हा येतात. 'हे कुणाला सांगू नकोस' एवढ्यावर सोडू नकोस. कुणाशी बोलता येईल, अशा एक-दोन माणसांची नावं त्याच्या तोंडून येऊ देत. ज्याला कुणी सांगितलं नाही, ते मूल बारा-तेराव्या वर्षी बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधतं आणि गोळ्या गादीखाली जमायला लागतात. घरच्यांना वाटत असतं, सगळं सुरळीत चाललंय.

किशोरवयीन मुलांशी निम्मी भेट एकट्याने बोल, पालक दाराबाहेर. अडचणी फार साध्या निघतात. बाटली दप्तरात खुळखुळते. वसतिगृहात कपाटाला कुलूप नाही. भेटीची तारीख परीक्षेच्या दिवशी पडली. बिनचिठ्ठीच्या छोट्या डबीत आठवड्यापुरत्या गोळ्या, गोळीची वेळ सगळ्यांसमोर येणार नाही अशी, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी भेट: यातलं बरंच आपल्या हातात असतं. झोप, मूड, स्वतःला इजा करण्याचे विचार, लैंगिक संबंध, गर्भनिरोध हे थेट विचार. तुझा आवाज चोरटा झाला की उत्तरही चोरटं येतं. व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका कमी आणि टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून विषाणू जोडीदाराला जात नाही. हे या वयात तुझ्याकडूनच कळायला हवं. गोळी घेत राहण्याचं याहून पटणारं कारण मला तरी माहीत नाही.

व्हायरल लोडचा आकडा मुलाच्या हातात दे. तो १००० च्या (रक्ताच्या एका मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रतींच्या) वर गेला, तर 'का चुकवलीस' असं विचारू नकोस, 'कुठे अडतंय' असं विचार. अडचण दूर करण्यावर तीन महिने काम कर, मग फेरतपासणी. ओरडा मिळालेलं मूल पुढच्या खेपेला रिकामी बाटली आणतं आणि गोळ्या कचऱ्यात जातात. गोळ्या मोजण्यावर माझा विश्वास त्यामुळेच मर्यादित आहे.

जमलं तर तुझ्याच दवाखान्यातली, थोडी मोठी झालेली, उपचार नीट चालू असलेली मुलं सोबतीला घे. झिंबाब्वेत १८ ते २४ वयाच्या, स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांना शिकवून किशोरांच्या घरी पाठवलं गेलं. नियंत्रित अभ्यासात, विषाणू आटोक्यात न आलेल्यांचं आणि दगावलेल्यांचं एकत्रित प्रमाण त्या गटात सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. पण त्यांना मानधन हवं, त्यांचं ऐकणारं माणूस हवं, आणि नाव फोडणं म्हणजे काय हे पक्कं माहीत हवं.

उपचार स्थिर झाले की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दे. फेऱ्या कमी, शाळा बुडणं कमी. आईचेही उपचार चालू असतील तर दोघांची तारीख एकच ठेव.

खंडानंतर परत आलेल्या मुलाला आधी समुपदेशनाच्या तीन फेऱ्या आणि मग औषध, असा दंडक काही ठिकाणी असतो. तो मोड. क्षयाची किंवा मेंदूज्वराची लक्षणं नसतील, तर त्याच दिवशी गोळ्या सुरू व्हाव्यात. डोकेदुखी, ताप, खोकला आणि उतरलेलं वजन मात्र आधी बघायचं, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) करून घ्यायचं, आणि पाच वर्षांखालचं मूल वरून कितीही ठणठणीत दिसलं तरी गंभीर समजून डॉक्टरांकडे न्यायचं. त्याने आणलेल्या कारणाची उलटतपासणी नको. 'बरं झालं आलास' म्हण आणि वजनकाट्यावर उभं कर.

शेवटचा बदल आपणच घडवतो: मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवण्याचा. वाढदिवस आला की चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नकोस. दोन वर्षं आधी तयारी सुरू कर. स्वतःच्या औषधांची नावं, शेवटचा व्हायरल लोड, पुढची तारीख हे मुलाला पाठ हवं. भेटीची वेळ त्याने स्वतः फोन करून घ्यायला हवी. पहिल्या खेपेला आपल्यातलं कुणीतरी सोबत जावं. आणि तिकडची दुसरी भेट झाल्याची नोंद मिळेपर्यंत त्याची फाइल आपल्या चालू फायलींतच राहू दे.

तुझी,
ज्येष्ठ सहकारी