महाराष्ट्रात दारूविक्रीचा परवाना कोण देतो आणि तो कसा मिळतो?

तालुक्याच्या गावी दारूविक्रीचा व्यवसाय सुरू करायचा असल्यास परवाना कोणाकडे मागावा, असा आपला प्रश्न आहे. अर्ज जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे जातो, त्यांचे निरीक्षक जागेची पाहणी करून अहवाल देतात आणि मंजुरीचा अधिकार सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. मात्र ज्या कायद्याखाली हे सारे चालते तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 आहे. म्हणजे विक्रीला मुळात मनाई असून परवाना हा त्या मनाईला दिलेला अपवाद आहे, आणि पुढच्या सगळ्या अटी या भूमिकेतूनच आलेल्या आहेत.

प्रथम कोणता परवाना हवा हे ठरवावे लागेल. वाइन शॉपला (विदेशी मद्याच्या दुकानाला) एफएल-2, परमिट रूमला एफएल-3, बिअर शॉपीला एफएलबीआर-2 आणि देशी दारूच्या दुकानाला सीएल-3 असे स्वतंत्र परवाने लागतात. यांपैकी वाइन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणे शासनाने 1970 च्या दशकात थांबवले. त्यामुळे बाजारात जे व्यवहार होतात ते जुने परवाने शासनाच्या मंजुरीने हस्तांतरित किंवा स्थलांतरित करण्याचे असतात आणि त्यांची किंमत दुकानाच्या मालापेक्षा त्या कागदाचीच अधिक असते. नवख्या माणसाने, माझ्या मते, परमिट रूम किंवा बिअर शॉपी यांचाच विचार करावा. शुल्क गावाच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. विक्रीवर ठेवलेल्या नोकरांसाठी नोकरनामा, म्हणजे त्यांना कामावर ठेवण्याची खात्याची लेखी परवानगी, घ्यावा लागतो, हे अनेकांना पहिल्या तपासणीतच कळते.

भाडेकरार करण्यापूर्वी जागा मोजून घ्यावी. शाळा, प्रार्थनास्थळ आणि एसटी स्थानक यांच्यापासून विदेशी मद्याच्या दुकानासाठी 75 मीटरचे अंतर लागते. शिवाय महामार्गालगतच्या जागेसाठी तेथील दारूविक्रीवर निर्बंध घालणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2016-17 च्या आदेशांचा विचार करावा लागतो. ग्रामीण भागात ग्रामसभेचा ठरावही लागतो. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. चंद्रपूरची बंदी मात्र 2015 मध्ये लागू होऊन 2021 मध्ये उठली.

परवाना मिळाल्यानंतरचा खरा धोका मतदानाचा आहे आणि गुंतवणूक करणारे नेमका तोच हिशेबात धरत नाहीत. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्के जणांनी दुकान बंद करण्यासाठी निवेदन दिल्यास पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद करावे लागते. हे प्रमाण प्रत्यक्ष झालेल्या मतदानावर नव्हे, तर यादीतील मतदारांच्या संख्येवर मोजले जात असल्याने मतदानाला न आलेली प्रत्येक व्यक्ती दुकानाच्याच पथ्यावर पडते, आणि कित्येक गावांतील प्रयत्न एवढ्याच कारणाने फसले आहेत. तरीही महिला बचत गट संघटित असलेल्या गावात मोठी रक्कम गुंतवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.