‘रेसिडेन्स टाइम’: निवासकाल, धारणकाल की मुक्काम?

कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, वायूचा रेणू घन पृष्ठभागाला चिकटल्यापासून सुटेपर्यंत तेथे जितका वेळ राहतो, त्या वेळेला (इंग्रजीत ‘रेसिडेन्स टाइम’) प्रकल्पाच्या मराठी गोषवाऱ्यात ‘निवासकाल’ म्हणावे की ‘धारणकाल’. आणि ‘डिसॉर्प्शन’साठी, म्हणजे रेणू पृष्ठभागावरून सुटण्यासाठी, ‘विशोषण’ हा शब्द योग्य आहे का.

‘धारणकाल’ मी प्रथम बाजूला ठेवतो. धारण करणारा पृष्ठभाग असतो, त्यामुळे कर्तेपण रेणूकडून पृष्ठभागाकडे जाते. शिवाय क्रोमॅटोग्राफीतील (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीतील) ‘रिटेन्शन टाइम’साठी हा शब्द सोयीचा असल्याने तो तिकडेच राहू द्यावा. ‘निवास’ म्हणजे कायमचे घर, हा आक्षेप मात्र मला पटत नाही, कारण अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसे ज्या यात्री निवासात एखादी रात्र काढतात, तेथे कायमचे कोणीच राहत नाही. माझी अडचण वेगळी आहे. रंकाळ्यात आलेले पाणी बाहेर पडेपर्यंत सरासरी किती दिवस तलावात राहते, यालाही इंग्रजीत ‘रेसिडेन्स टाइम’च म्हणतात, आणि तेथे ‘निवासकाल’ चपखल बसतो. पाणी तलावाच्या आत असते, रेणू मात्र पृष्ठभागावर टेकलेला असतो. या दोन गोष्टींना मराठीत दोन शब्द मिळत असतील, तर इंग्रजीतली संदिग्धता आपण का उचलावी?

म्हणून मी ‘मुक्काम’ सुचवतो. अरबी ‘मुकाम’ म्हणजे राहण्याची जागा. मराठीत त्याला वाटेतल्या थांब्याचा अर्थ आला आणि जाणे त्यात गृहीतच धरले गेले. मुक्काम पडतो, हलतो, आणि कोणी हलेनासा झाला की त्याने मुक्काम ठोकला असे आपण म्हणतो. (पत्त्यातल्या ‘मु. पो.’मधला मुक्काम म्हणजे गाव. त्याने येथे घोटाळा होण्याचे कारण नाही.) ‘मुक्कामकाल’ हा अरबी-संस्कृत जोड कोणाला खटकला, तर ‘मुक्कामाचा काळ’ असे सुटे लिहावे.

मुक्काम पडणे, हलणे आणि ठोकणे हे तिन्ही वाक्प्रयोग भौतिकशास्त्राला लागू पडतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार हा काळ बंधाच्या ऊर्जेबरोबर घातांकी वेगाने वाढतो आणि तापमान वाढले की तसाच झपाट्याने घटतो. रेणूच्या एका कंपनाचा काळ सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग धरला, तर २७ अंश सेल्सिअसला, मोलमागे ४० किलोज्यूल ऊर्जेने चिकटलेला रेणू जेमतेम एक मायक्रोसेकंद टेकतो, ८० किलोज्यूलचा आठ-नऊ सेकंद थांबतो आणि १०० किलोज्यूलचा सुमारे सात तास, म्हणजे खेड्यात रात्री येऊन पहाटे निघणाऱ्या वस्तीच्या एस.टी.इतका. हाच शेवटचा रेणू १२७ अंशांना सेकंदभरातच मुक्काम हलवतो. निर्वात पात्रे तापवून घेतात ती यासाठीच, आणि गॅस सेन्सर पूर्वपदावर यायला किती वेळ घेतो, तेही बरेचसे यावरच ठरते.

मोजण्याच्या रीतीमुळे आणखी एक शब्द अनिवार्य होतो. खाचा पाडलेल्या फिरत्या चकतीतून रेणूंची शलाका तुकड्या-तुकड्यांनी पृष्ठभागावर सोडतात आणि परत निघालेले रेणू वस्तुमान-वर्णपटमापकाला (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या उपकरणाला) किती उशिरा पोहोचतात ते पाहतात. मुक्काम फार लांबला, तर पृष्ठभाग ठरावीक गतीने तापवत नेऊन रेणू कोणत्या तापमानाला निघतात ते नोंदवतात. पहिल्या रीतीत दिसते ते असंख्य रेणूंचे एकत्रित वागणे. एकेका रेणूचा मुक्काम यादृच्छिक असतो, निम्म्याहून अधिक रेणू सरासरीच्या आधीच निघून जातात, आणि आधी किती वेळ झाला याचा पुढच्या शक्यतेवर परिणाम होत नाही. तेव्हा ‘सरासरी’ हे विशेषण गाळू नये. ‘आयुष्य’ हा पर्याय तर नकोच. निघालेला रेणू मेलेला नसतो.

राहिला ‘विशोषण’. संस्कृतात त्याचा अर्थ सुकणे, सुकवणे असा होतो आणि मराठी वाचकाला ‘शोषण’ म्हटले की आधी पिळवणूक आठवते. रेणू पृष्ठभागाला चिकटण्यासाठी (‘ॲडसॉर्प्शन’) ‘अधिशोषण’ रुळला आहे, तो असू द्यावा. उलट क्रियेसाठी मात्र ‘सुटणे’ हे आपले क्रियापद पुरेसे आहे, कारण मराठीत वासही सुटतो आणि वायूही सुटतो. या विद्यार्थिनीच्या गोषवाऱ्यातले वाक्य मी असे लिहीन: ‘अधिशोषित रेणू पृष्ठभागावरून सुटण्यापूर्वीच्या मुक्कामाचा सरासरी काळ निरनिराळ्या तापमानांना मोजला.’